पहिले ललितेतर पुस्तक प्रकाशकाकडे पाठवताना : गोमंतकीय लेखकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

कादंबरीकार किंवा कवी आपले संपूर्ण बाड प्रकाशकाकडे पाठवतो आणि प्रकाशक ते वाचून निर्णय देतो. इतिहास, पर्यावरण, समाज, लोकसंस्कृती, चरित्र अशा ललितेतर पुस्तकांच्या बाबतीत संपादक हस्तलिखितापर्यंत पोहोचण्याच्या आधीच तीन गोष्टी तपासतो : या पुस्तकाचा प्रश्न कोणता, तो मांडण्याचा अधिकार या लेखकाला कशामुळे आला आणि मजकुरातील विधानांना आधार काय. या तिन्हींची उत्तरे लेखकाने चार-पाच पानांत द्यावयाची असतात. मराठीत लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये साहित्य-एजंट जवळजवळ नसतातच, त्यामुळे हे काम दुसऱ्या कोणावर सोपवता येत नाही. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळात ऊठबस नसलेल्या गोव्यातील लेखकाची तर सारी भिस्त या चार-पाच पानांवरच असते.

हाती असलेल्या सामग्रीचे पुस्तक झाले आहे का?

गोव्यात पहिले पुस्तक बहुधा चार वाटांनी येते : दैनिकाच्या रविवार पुरवणीतील सदर, विद्यापीठाला सादर केलेला प्रबंध, गावाचा किंवा देवस्थानाचा इतिहास आणि निवृत्तीनंतर लिहिलेल्या आठवणी. यांतील एकही गोष्ट जशीच्या तशी पुस्तक नसते. सदरातील लेख आठवड्या-आठवड्याने वाचले जातात, म्हणून त्यांत तीच पार्श्वभूमी पुनःपुन्हा सांगावी लागते; पुस्तकात ती दुसऱ्याच प्रकरणापासून कंटाळवाणी होते. शिवाय सदर छापताना दैनिकाशी काय ठरले होते, हे आधी पाहून घ्यावे आणि लेख पुस्तकरूपाने काढण्यास हरकत नसल्याचे संपादकांकडून लेखी घ्यावे. प्रबंधातील पूर्वसंशोधनाचा आढावा, संशोधनपद्धतीचे प्रकरण आणि प्रत्येक प्रकरणाअखेरचा निष्कर्षांचा सारांश परीक्षकांसाठी असतो. सर्वसाधारण वाचकासाठीच्या पुस्तकातून तो काढावा लागतो आणि मग बहुतेक प्रबंध निम्मे होतात. त्यात वाईट वाटण्याजोगे काही नाही.

देवस्थानाच्या इतिहासाबाबत थोडे स्पष्ट सांगावे लागेल. महाजन (देवस्थानाचे वंशपरंपरागत हक्कदार), मानपान, उत्सवांतील हक्क आणि जमिनी यांवरून अनेक गावांत वाद चालू आहेत, त्यांतले काही न्यायालयांत आहेत. अशा विषयावर लिहिणारा लेखक स्वतः त्या वादातील एका पक्षाचा असेल, तर ते प्रकाशकाला पहिल्याच पत्रात सांगावे. पुढे कोणाकडून तरी कळण्यापेक्षा ते बरे.

सामग्रीचे पुस्तक झाले आहे की नाही हे ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे : पुस्तकाचा विषय नव्हे, तर पुस्तकाचा प्रश्न दोन वाक्यांत लिहून पाहावा. ‘गोव्यातील खाजन शेती’ हा विषय झाला. भरतीच्या पातळीखाली असलेली ही शेते खाऱ्या पाण्यापासून राखणारे बांध पूर्वी गावकरी आणि कोमुनिदाद (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी ग्रामसंस्था) सांभाळत असत. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी टेनंट असोसिएशनकडे, म्हणजे कुळांच्या संघटनांकडे गेली, तेव्हा बांधांचे, मानशींचे (भरतीचे पाणी अडवणाऱ्या दारांचे) आणि कोरगुटासारख्या खारे पाणी सोसणाऱ्या भाताचे काय झाले, हा प्रश्न झाला. पुढील सर्व टप्प्यांसाठी हेच काल्पनिक पुस्तक उदाहरण म्हणून घेतो.

कोणाकडे पाठवावे

आपल्या पुस्तकाच्या शेजारी ठेवता येतील अशी, गेल्या काही वर्षांत मराठीत निघालेली सात-आठ पुस्तके शोधावीत आणि ती कोणी काढली हे पाहावे. या कामासाठी पणजीच्या पाटो भागातील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयासारखी दुसरी सोय नाही. १८३२ मध्ये स्थापन झालेल्या या ग्रंथालयात मराठी विभागाच्या कपाटांपुढे दोन दुपारी घालवल्या, तर कोणता प्रकाशक कोणत्या प्रकारची पुस्तके काढतो, त्यांत तळटीपा असतात का, नकाशे असतात का, छपाई कशी असते, हे कोणत्याही यादीपेक्षा चांगले कळते. समकालीन प्रकाशनाचा भर मुख्यतः ललितेतर लेखनावर आहे. राजहंस, रोहन, मनोविकास, साधना, ग्रंथाली, लोकवाङ्मय गृह यांच्या याद्यांतही सामाजिक, ऐतिहासिक आणि वैचारिक पुस्तके ठळकपणे दिसतात. मात्र प्रत्येकाची रुची निराळी असते आणि ती पुस्तके चाळूनच समजते.

गोव्यातील प्रकाशक आणि संस्था यांचा विचार त्यानंतर करावा, पण कमी लेखून नव्हे. एखाद्या तालुक्यापुरत्या विषयाचे पुस्तक गोव्यातच अधिक विकले जाणार असेल, तर पुण्याच्या वितरणाचा त्याला फारसा उपयोग नसतो. पर्वरीची गोमंतक मराठी अकादमी आणि राज्याचे कला व संस्कृती संचालनालय यांच्याकडे लेखकांसाठी त्या वेळी कोणत्या योजना चालू आहेत, याची प्रत्यक्ष जाऊन चौकशी करावी. नियम आणि मुदती बदलत असतात, म्हणून कोणाच्या जुन्या अनुभवावर विसंबू नये. पुस्तक छापून झाल्यावर अर्ज करायचा की आधी, हा प्रश्न तेथे अवश्य विचारावा, कारण अनेक अनुदानांची गाडी याच मुद्द्यावर अडते.

निवडलेल्या प्रकाशकांच्या संकेतस्थळावर हस्तलिखित स्वीकारण्याविषयी सूचना असतील तर त्या तंतोतंत पाळाव्यात. नसतील तर फोन करून केवळ एवढेच विचारावे की प्रस्ताव कोणाच्या नावे आणि कोणत्या पत्त्यावर पाठवावा. फोनवर पुस्तक सांगत बसू नये. ज्या प्रकाशकांचा दिवाळी अंकही निघतो, त्यांच्याकडे गणपतीपासून दिवाळीपर्यंत काही पाठवू नये. ते वाचले जात नाही आणि गठ्ठ्याच्या तळाशी जाते.

प्रस्ताव

प्रस्तावात एक पानाचे पत्र, दीड-दोन पानांची पुस्तकाची रूपरेषा, प्रकरणवार आराखडा, लेखकाचा परिचय आणि दोन नमुना प्रकरणे असावीत. यांत पत्राचा पहिला परिच्छेद सर्वांत महत्त्वाचा असतो, आणि नेमका तोच बहुतेक लेखक वाया घालवतात. साधारणपणे तो असा लिहिलेला असतो :

‘सादर प्रणाम. मी गेली अनेक वर्षे लेखन करीत असून माझे अनेक लेख विविध दैनिकांतून प्रसिद्ध झाले आहेत. गोव्याच्या खाजन शेतीचा समग्र आढावा घेणारे माझे पुस्तक तयार असून ते सर्व थरांतील वाचकांना निश्चित आवडेल, अशी मला खात्री आहे. तरी आपल्या सुप्रसिद्ध संस्थेमार्फत ते प्रकाशित व्हावे, ही नम्र विनंती.’

यात विषयाचे नाव सोडले तर संपादकाला काहीही मिळत नाही. ‘समग्र आढावा’ आणि ‘सर्व थरांतील वाचक’ हे दोन शब्दप्रयोग दिसले की पुस्तकाचा नेम ठरलेला नाही, हे तो ओळखतो. तोच परिच्छेद असा लिहिता येईल :

‘मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या खाडीकाठची खाजने भरतीच्या पातळीखाली आहेत. बांध आणि मानस यांच्या आधारावर तेथे शतकानुशतके भात पिकला. हे बांध गावाने कसे राखले आणि ती व्यवस्था का ढासळली, याचा शोध मी तिसवाडी आणि बार्देशमधील चार गावांच्या आधारे घेतला आहे. कोमुनिदादींची दप्तरे, पुराभिलेख खात्यातील कागदपत्रे आणि शेतकऱ्यांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती हा पुस्तकाचा आधार आहे. पुस्तक सुमारे ६०,००० शब्दांचे असून आठपैकी सहा प्रकरणे लिहून झाली आहेत.’

दुसऱ्या परिच्छेदात एकही विशेषण स्तुतीचे नाही, तरी वाचणाऱ्याला पुढचे पान उलटावेसे वाटते. शब्दसंख्याही त्यात आली आहे. डेमी आकाराच्या पानावर साधारण ३०० शब्द बसतात असे धरले तर ६०,००० शब्दांची सुमारे २०० पाने होतात. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे साडेबारा फर्मे. प्रारंभीची पाने आणि सूची धरून तेरा-चौदा. प्रकाशक कागद, छपाई आणि किंमत यांचा हिशेब या आकड्यापासून सुरू करतो, म्हणून ‘अंदाजे तीन वह्या’ किंवा ‘टाइप केलेली १८० पाने’ असे लिहून चालत नाही.

रूपरेषेत पुस्तकाचा वाचक कोण, हे प्रामाणिकपणे लिहावे. खाजनाच्या पुस्तकाचे वाचक म्हणजे पर्यावरण आणि शेती यांचे अभ्यासक, कोकणातील खारभूमीच्या गावांत राहणारे लोक, ग्रामसंस्थांच्या इतिहासात रस असलेले वाचक आणि अर्थातच गोमंतकीय. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि रायगडच्या खारजमिनींशी या विषयाचे नाते दाखवता आले, तर पुस्तक एका छोट्या राज्यापुरते उरत नाही. हा दुवा ओढूनताणून आणू नये, पण तो असेल तर पत्रातच दिसला पाहिजे.

प्रकरणवार आराखड्यात प्रत्येक प्रकरणासाठी पाच-सहा ओळी पुरतात. नमुन्यासाठी प्रस्तावना पाठवू नये. प्रस्तावनेत प्रत्येक लेखक चांगलाच दिसतो. पुस्तकाच्या मध्यावरील, भरपूर आधार आणि प्रत्यक्ष माणसे असलेले एक प्रकरण आणि युक्तिवाद मांडणारे दुसरे, अशी जोडी पाठवावी. परिचयात पुरस्कारांची यादी नको. या विषयाशी लेखकाचा संबंध कसा आणि किती वर्षांचा आहे, तो कोणती भाषा वाचू शकतो आणि कोणत्या संग्रहांत त्याने काम केले आहे, हे सांगावे. पोर्तुगीज कागद स्वतः वाचता येत असतील तर ते ठळकपणे लिहावे. इतरांकडून वाचून घेतले असतील तर तेही लिहावे.

गोव्याबाहेरच्या संपादकासाठी

गोमंतकीय लेखकाला एक अडचण असते, जी साताऱ्याच्या किंवा नागपूरच्या लेखकाला नसते. त्याच्या मजकुरातील कोमुनिदाद, रेजिदोर, मुंडकार, कुळागर, मांड, महाजन हे शब्द पुण्यातील संपादकाला एकतर अपरिचित असतात किंवा वेगळ्याच अर्थाने परिचित असतात. ‘साष्टी’ म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे मडगाव न येता ठाणे येते. जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी (पोर्तुगीजांनी आधी आणि नंतर ताब्यात घेतलेले प्रदेश) हा भेद तर पुस्तकाच्या साऱ्या मांडणीच्या मुळाशी असू शकतो, कारण तिसवाडी, बार्देश, साष्टीचा सोळाव्या शतकापासूनचा अनुभव आणि फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडण्याचा अठराव्या शतकापासूनचा अनुभव एक नाही.

यावर उपाय म्हणून मजकूर सपाट करून टाकणे मला पटत नाही. शब्द तसेच ठेवावेत, पहिल्या वापरात वाक्याच्या ओघातच अर्थ उघड करावा, पुस्तकाअखेरीस शब्दसूची द्यावी आणि प्रस्तावासोबत एक साधा, हाताने काढलेला का होईना, नकाशा जोडावा. जुन्या कागदांत एकाच गावाचे नाव निरनिराळ्या लिपींत निरनिराळे दिसते. पुस्तकभर कोणते रूप वापरले आहे, याची नोंद सुरुवातीलाच करावी. शुद्धलेखनाबाबत मराठी साहित्य महामंडळाचे नियम पाळावेत. कोंकणी म्हणी, गीते आणि मुलाखतींतील बोलणे यांना हे नियम लावू नयेत. ते जसे उच्चारले गेले तसे छापायचे आहे, हे प्रूफ पाहणाऱ्यासाठी वेगळ्या चिठ्ठीत लिहून ठेवावे. अन्यथा मुद्रितशोधक अत्यंत निष्ठेने ते सारे ‘शुद्ध’ करून ठेवतो.

फाइल आणि छापील प्रत

मजकूर युनिकोडमध्ये असावा. जुन्या संगणकावर श्रीलिपीसारख्या फॉन्टात टाइप केलेले लेख असतील तर ते रूपांतरित करून घ्यावेत आणि रूपांतरानंतर डोळ्यांनी वाचावेत. रफार, ‘वाऱ्यावर’मधील अर्धा र, ‘ॲ’, ‘ज्ञ’ आणि अवतरणचिन्हे येथे हमखास बिघडतात. वर्डची फाइल आणि तिचीच पीडीएफ, अशा दोन्ही पाठवाव्यात. पीडीएफमुळे मूळ मजकूर कसा दिसायला हवा, हे समोरच्याला ताडून पाहता येते. छापील प्रत मागितली असेल तर ए-फोर कागदावर, एका बाजूला, दीडपट किंवा दुप्पट ओळअंतराने, पृष्ठक्रमांक टाकून काढावी आणि स्पीड पोस्टाने पाठवावी. छायाचित्रे वर्डमध्ये चिकटवू नयेत. ती स्वतंत्र फोल्डरमध्ये क्रमांक देऊन ठेवावीत आणि मजकुरात तो क्रमांक लिहावा. मुखपृष्ठ स्वतः करून पाठवण्याची गरज नाही.

परवानग्या

हे काम लेखक शेवटी ठेवतात, आणि पुस्तक वर्षभर रखडते ते बहुधा याच कारणाने. प्रस्ताव पाठवण्याआधीच एक तक्ता करावा : कोणते छायाचित्र, कोणाचे, परवानगी मिळाली का, ऋणनिर्देश कसा द्यायचा. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर हक्क राहतो आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्रावरील हक्कही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. जुनी पत्रे वापरताना अनेकांचा गोंधळ होतो. पत्र ज्याला आले, तो त्या कागदाचा मालक असतो. मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा आणि पुढे त्याच्या वारसांचा. अनुवादकालाही आपल्या अनुवादावर स्वतंत्र हक्क असतो, म्हणून पोर्तुगीज दस्तऐवज कोणाकडून मराठीत करून घेतला असेल, तर त्या व्यक्तीची लेखी संमती हवी. पुराभिलेख खात्यातील कागदाची प्रतिमा छापायची असल्यास खात्याकडे अर्ज करून परवानगी घ्यावी. कागद वाचण्याची मुभा मिळाली म्हणजे छापण्याची मिळाली, असे होत नाही.

मुलाखतींसाठी ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच संमती नोंदवून घ्यावी : हे बोलणे पुस्तकात येणार आहे, आपले नाव घालावे का. वयस्क माणसे कागदावर सही करताना बिचकतात, पण बोलून होकार आनंदाने देतात. धालो (गोव्यातील बायकांचा लोकनृत्यप्रकार) किंवा फुगडीची गीते कोणाकडून ऐकली, त्या गाणाऱ्या बायांची नावे त्यांची इच्छा असल्यास द्यावीत. ‘पारंपरिक’ एवढे लिहून मोकळे होणे हा आळस आहे.

स्वतःच्या लेखनाची नोंदणी केलीच पाहिजे असे नाही, कारण लिहिताक्षणी हक्क आपोआप निर्माण होतो. मजकूर चोरीला जाईल अशी भीती वाटत असेल तर नोंदणी जरूर करावी, पण त्या भीतीने संपादकाकडून गोपनीयतेचे हमीपत्र मागू नये.

वाट पाहणे

प्रस्ताव एकाच वेळी दोन-तीन प्रकाशकांकडे पाठवण्यास हरकत नाही, मात्र तसे पत्रात नमूद करावे. संपूर्ण हस्तलिखित मागवले गेले की ते एका वेळी एकाकडेच द्यावे. पोच आल्यानंतर तीन महिने थांबून एक विनम्र, दोन ओळींचा ईमेल करावा. सहा महिन्यांतही उत्तर आले नाही, तर दुसरीकडे देत असल्याचे कळवून मोकळे व्हावे. ‘साभार परत’ आलेच, तर त्यात कारण दिले आहे का ते पाहावे. ‘आमच्या प्रकाशन-योजनेत बसत नाही’ यातून शिकण्यासारखे काही नसते. ‘तिसरे-चौथे प्रकरण पसरट आहे’ असे लिहून कोणी पाठवले, तर त्याने ते वाचले आहे. ती प्रकरणे पुन्हा लिहावीत आणि सुधारलेला मजकूर पाहायला आवडेल का, असे त्यालाच विचारावे.

करार

होकार आल्यावर आनंदाच्या भरात लेखक सही करून टाकतो. कराराची प्रत घरी आणून सावकाश वाचण्यासाठी आठवडा मागावा. चांगला प्रकाशक तो देतोच. करारच नको, ‘आपल्यात विश्वास आहे’ असे कोणी म्हणाले, तर आपणच एक पानाचा मसुदा पुढे करावा, कारण कायद्याने हक्काचे हस्तांतर लेखीच असावे लागते.

प्रथम पाहायचे ते हे की प्रकाशकाला नेमके काय दिले जात आहे. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ असे वाक्य असेल, तर सही करू नये. मराठीतील छापील आवृत्तीचा हक्क ठरावीक वर्षांसाठी देणे हे रास्त आहे. ई-बुक, श्राव्य पुस्तक, अनुवाद आणि चित्रपट यांचे हक्क स्वतंत्र ओळींत, स्वतंत्र वाट्यासह लिहून घ्यावेत. गोमंतकीय विषयाच्या पुस्तकाचा इंग्रजी किंवा कोंकणी अनुवाद होण्याची शक्यता खरीच असते, म्हणून अनुवादाची ओळ विशेष काळजीने पाहावी. करारात मुदत लिहिलीच नसेल, तर कायदा ती पाच वर्षांची मानतो. प्रदेश लिहिलेला नसेल, तर भारतापुरता मानतो. प्रकाशकाने मिळालेला हक्क एक वर्षात वापरलाच नाही आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर तो हक्क लेखकाकडे परत येतो. तरीही ‘स्वीकृतीपासून इतक्या महिन्यांत पुस्तक प्रसिद्ध होईल’ असे वाक्य असावेच.

मानधनाचा टक्का मराठीत दहाच्या आसपास असतो. टक्का कशावर, हा खरा प्रश्न आहे. पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये आणि मानधन दहा टक्के असेल, तर प्रतीमागे ३० रुपये मिळतात. तेच दहा टक्के ‘प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर’ असतील आणि विक्रेत्याला चाळीस टक्के सूट दिली गेली असेल, तर हिशेब १८० रुपयांवर होऊन हाती १८ रुपये येतात. दोन्ही पद्धती प्रचलित आहेत. फक्त कोणती, हे सही करण्यापूर्वी ठाऊक हवे. पहिली आवृत्ती किती प्रतींची, विक्रीचा हिशेब वर्षातून केव्हा मिळणार, लेखकाला मोफत प्रती किती आणि पुढे प्रती विकत घेताना सूट किती, आणि आवृत्ती संपल्यावर ठरावीक काळात पुनर्मुद्रण झाले नाही तर हक्क परत मिळतील का, ही कलमेही तितकीच महत्त्वाची आहेत.

काही ठिकाणी लेखकाला छपाईचा खर्च देण्यास किंवा तीनशे-चारशे प्रती विकत घेण्यास सांगितले जाते. हा स्वखर्चाचा व्यवहार आहे आणि तो तसाच समजून केला तर त्यात गैर काही नाही. मग मात्र तीन मुद्रणालयांची दरपत्रके घेऊन स्वतःच पुस्तक काढणे अधिक शहाणपणाचे ठरते का, हे पाहावे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनाशुल्क मिळतो, त्यामुळे त्याच्या नावाखाली मोठी रक्कम मागणाऱ्याशी सावधपणे बोलावे.

स्वीकृतीनंतर

संपादकीय सूचना आल्यावर त्यांतील प्रत्येकीला लेखी उत्तर द्यावे : मान्य, अमान्य आणि का. प्रूफे हाती आली की नव्याने लिहिणे थांबवावे. मांडणी झालेल्या मजकुरात एक परिच्छेद घातला, तर पुढची पाने सरकतात. सूचीतील पृष्ठक्रमांक सर्वांत शेवटी, पाने पक्की झाल्यावरच भरावेत. त्यानंतर मलपृष्ठावरील मजकूर, ऋणनिर्देशातील नावांची अक्षरे आणि नकाशावरील गावांची नावे लेखकाने स्वतः पुन्हा तपासावीत. ज्या गावांत मुलाखती घेतल्या, तेथे द्यावयाच्या प्रतींची संख्या याच सुमारास प्रकाशकाला कळवावी, म्हणजे त्या सवलतीच्या दरात पहिल्याच खेपेत पणजीला पोहोचतात आणि टपालाचा वेगळा खर्च पडत नाही.